पिंगुळीची पोथी ते कोलंबियाची स्लाइड : चित्र दाखवून गोष्ट सांगण्याचा इतिहास

१/२५
१६ जानेवारी २००३. कोलंबिया हे अंतराळयान फ्लोरिडातून आकाशात झेपावले. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरील फोमच्या आवरणाचा एक तुकडा निखळला आणि यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान ठरल्याप्रमाणे कक्षेत पोचले. सातही अंतराळवीर आपापल्या कामाला लागले. जमिनीवर मात्र एक प्रश्न उभा राहिला : त्या धडकेने पंखाला नेमकी किती इजा झाली असेल?

२/२५
यान अंतराळात असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला आणि तीन अहवाल तयार केले. तिन्ही मिळून २८ स्लाइड्स. त्यांतील एका स्लाइडच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत दोन आकडे होते. ज्या चाचण्यांच्या आधारे निष्कर्ष काढला जात होता, त्यांत वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा होता. पंखावर आदळलेला तुकडा १९२० घन इंचांचा असावा, असा अंदाज होता. म्हणजे ६४० पट मोठा. त्याच स्लाइडचे शीर्षक मात्र वाचणाऱ्याला धीर देणारे होते.

३/२५
१ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर कोलंबिया टेक्सासच्या आकाशात विखुरले. सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. कर्नालमध्ये जन्मलेली कल्पना चावला त्यांपैकी एक होती. आकडे कोणी लपवले नव्हते. ते पडद्यावर होते. तरीही ते पाहणाऱ्यांपर्यंत पोचले नाहीत. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर ‘चित्र दाखवून सांगणे’ या जुन्या विद्येचा इतिहास पाहावा लागतो. आणि त्यासाठी आधी कोकणात जावे लागते.

४/२५
सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी हे गाव आहे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा पिढ्यानपिढ्या जपली. सावंतवाडी संस्थानाचा तिला आश्रय होता. रामायण-महाभारतातील एकेक आख्यान चित्रांच्या एकेका संचात बांधलेले असते. या संचाला ‘पोथी’ म्हणतात. येथे पोथी म्हणजे शब्दांचा ग्रंथ नव्हे, तर क्रमाने लावलेल्या सुट्या चित्रांची चळत. ही कला जगवल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पैठणी शैलीची अशी चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही पाहता येतात.

५/२५
चित्रकथीचा खेळ साधा दिसतो. सांगणारा बैठक मारून बसतो. सोबतीला वीणा, टाळ आणि हुडूक. समोर एक चित्र उभे केले जाते. त्यातील पात्रांकडे हात नेत, कधी गात, कधी संवाद म्हणत तो प्रसंग उभा करतो. प्रसंग संपला की ते चित्र बाजूला होते आणि पुढचे येते. कोण का रागावले, शाप कशामुळे मिळाला, त्यातून पुढे काय ओढवले, हे सारे सांगणाऱ्याच्या मुखातून येते. चित्र डोळ्याला एक जागा देते आणि गोष्ट कानाला पुढे नेते.

६/२५
या पद्धतीत तीन गोष्टी न बोलता ठरलेल्या आहेत. एका वेळी एकच प्रसंग समोर असतो. प्रसंगांचा क्रम आख्यान ठरवते, चित्रांची सोय नव्हे. आणि जे चित्रात दिसते तेच पुन्हा शब्दांत वाचून दाखवण्यात वेळ जात नाही. याखेरीज आणखी एक गोष्ट आहे, जी पुढच्या इतिहासात कळीची ठरते. आख्यान ज्याला येते त्याच्याच हातात पोथी असते. कोणते चित्र किती वेळ ठेवायचे आणि कधी बदलायचे, हे तोच जाणतो.

७/२५
युरोपात याच गरजेला काच आणि दिवा मिळाला. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५९ साली ‘मॅजिक लँटर्न’साठी काही रेखाटने केली. त्यांत एक सांगाडा स्वतःचीच कवटी काढून हातात घेतो. काचेवर रंगवलेले चित्र, मागे दिवा, पुढे भिंग आणि समोर भिंत, एवढीच या यंत्राची रचना. काचेची ही पट्टी दिव्यापुढे सरकवली जाई. सरकवणे या क्रियेसाठीच्या इंग्रजी शब्दावरूनच तिला ‘स्लाइड’ हे नाव पडले. पुढे यंत्रे बदलली, काच गेली, पण नाव टिकले.

८/२५
हा दिवा महाराष्ट्रातही आला आणि येथे येताच आख्यान सांगू लागला. १८९०च्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने खेळ सुरू केले. पुढे त्यांच्या मुलांनीही ते चालवले. शंबरासुर पुराणात मायावी म्हणून प्रसिद्ध, म्हणून ‘शांबरिक’ म्हणजे मायेचा, जादूचा. काचेवर हाताने रंगवलेली पुराणकथांतील पात्रे पडद्यावर उमटत आणि त्यांच्या जोडीला निवेदन, संवाद आणि संगीत असे.

९/२५
पटवर्धनांची खरी करामत हालचालीत होती. एकाच पात्राच्या वेगवेगळ्या अवस्था निरनिराळ्या काचांवर रंगवायच्या आणि त्या झटपट बदलायच्या. पाहणाऱ्याला वाटे की पात्र हलले. यासाठी चित्रकाराचा हात, यंत्राची जाण आणि निवेदनाची लय ही तिन्ही एकत्र लागत. काच क्षणभर उशिरा बदलली तर संवाद आणि चित्र यांची फारकत झालीच. यंत्र चालवण्याचे कसब हा येथे गोष्ट सांगण्याचाच भाग होता. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा चित्रपट दाखवला गेला आणि हलत्या चित्रांचे युग सुरू झाले.

१०/२५
याच काळात न्यूयॉर्कमध्ये एका पत्रकाराने काचेच्या स्लाइड्सना वेगळ्याच कामाला लावले. डेन्मार्कहून आलेले जेकब रीस पोलीस-वार्ताहर होते. शहरातील गरीब वस्त्यांची दैना त्यांनी वर्षानुवर्षे लिहिली होती. पण वाचणाऱ्यांना त्या खोल्यांतला काळोख दिसत नव्हता. जानेवारी १८८८मध्ये त्यांनी हौशी छायाचित्रकारांच्या संस्थेसमोर आपले पहिले स्लाइड-व्याख्यान दिले. मग चर्चच्या सभागृहांतून ते व्याख्यान फिरू लागले. १८९० साली त्यावर आधारित पुस्तक आले. कुप्रसिद्ध मलबेरी बेंड वस्ती पुढे पाडण्यात आली आणि १८९७ साली तिच्या जागी उद्यान खुले झाले.

११/२५
रीस छायाचित्रकार नव्हते. सुरुवातीला त्यांनी इतरांकडून छायाचित्रे काढून घेतली. पण मध्यरात्री त्या गल्ल्यांत शिरायला सोबती टिकेनात, म्हणून त्यांनी स्वतःच कॅमेरा घेतला. प्रकाशासाठी वापरायची पूड हाताळताना त्यांनी आगी लावून घेतल्याचे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. तंत्रात ते कधी फारसे निष्णात झाले नाहीत. सांगण्यापुरते तंत्र मात्र त्यांनी जिद्दीने कमावले. छायाचित्र हे त्यांच्यासाठी पुराव्याचे काम करी आणि त्या खोलीत कोण राहते, किती भाडे भरते, ही कहाणी ते तोंडाने सांगत.

१२/२५
विसाव्या शतकात मात्र सांगणारा आणि चित्र करणारा वेगळे झाले. मोठ्या कंपन्यांत ३५ मिलिमीटरच्या रंगीत स्लाइड्स बनवण्यासाठी खास विभाग किंवा बाहेरचे व्यावसायिक असत. अधिकारी कागदावर खरडून देई. काही दिवसांनी आणि बऱ्याच खर्चाने स्लाइड्स हाती येत. आयत्या वेळी क्रम बदलावासा वाटला तर ट्रेमध्ये काचा फिरवता येत. मजकूर बदलायचा तर पुन्हा रांगेत उभे राहावे लागे. स्वस्त पर्याय होता ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक पत्र्यांचा. त्यावर टंकलिखित मजकूर उमटवायचा आणि एकेक पत्रा काचेवर ठेवायचा.

१३/२५
ही फारकत मिटवण्याचा विचार रॉबर्ट गॅस्किन्स यांनी केला. १९८४ साली ते कॅलिफोर्नियातील ‘फोरथॉट’ या लहानशा कंपनीत रुजू झाले. ज्याच्याकडे सांगण्यासारखे आहे, त्यालाच आपल्या स्लाइड्सवर ताबा मिळावा, हा त्यांच्या आराखड्याचा गाभा होता. डेनिस ऑस्टिन आणि टॉम रडकिन यांनी तो प्रोग्रॅममध्ये उतरवला. सुरुवातीचे नाव होते ‘प्रेझेंटर’. ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे ते सोडावे लागले. एप्रिल १९८७मध्ये मॅकिंटॉशसाठी ‘पॉवरपॉइंट’ बाजारात आले.

१४/२५
पहिले पॉवरपॉइंट कृष्णधवल होते आणि त्याचे मुख्य काम पडद्यावर दाखवणे नव्हे, तर पारदर्शक पत्र्यांसाठी पाने छापणे हे होते. स्लाइडसोबत वक्त्याची टिपणे आणि श्रोत्यांना वाटायची पानेही त्यातून छापता येत. म्हणजे पडद्यावर काय जाईल, वक्त्याच्या हाती काय राहील आणि श्रोता घरी काय नेईल, या तीन गोष्टी तेव्हाही वेगळ्या ठेवता येत होत्या. १९८७ सालीच मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलर मोजून फोरथॉट विकत घेतली. विंडोजवरील आवृत्ती १९९० साली आली.

१५/२५
पोथी पुन्हा आख्यान सांगणाऱ्याच्या हाती आली होती. पण आख्यान? कोऱ्या स्लाइडवर दोन चौकटी तयार मिळत : वर शीर्षक, खाली मजकूर. मजकुराच्या चौकटीत टाइप करू लागताच ओळीपुढे आपोआप ठिपका उमटे. शिकणाऱ्यांनी चौकटी भरायला शिकून घेतले आणि तेवढ्यालाच सादरीकरण समजले. पटवर्धनांना काच रंगवायला दिवस लागत, म्हणून कोणती काच हवी याचा विचार आधी होई. येथे स्लाइड मिनिटात तयार होऊ लागली आणि विचार मागे राहिला.

१६/२५
या ठिपक्यांवरचा एक मर्मभेदी आक्षेप १९९८ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत छापून आला. गॉर्डन शॉ, रॉबर्ट ब्राउन आणि फिलिप ब्रॉमिली यांनी थ्रीएम कंपनीच्या अनुभवावरून लिहिले, की यादीत मुद्दे असतात पण मुद्द्यांमधले नाते नसते. पहिल्यामुळे दुसरे घडते, की दोन्ही स्वतंत्रपणे घडतात? आधी काय आणि नंतर काय? यादी हे सांगतच नाही आणि लिहिणाऱ्यालाही विचार पूर्ण केल्याचा भास होतो. म्हणून थ्रीएमने योजना गोष्टीच्या रूपात लिहायला सुरुवात केली. विशेष म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टर घरोघरच्या कचेऱ्यांत पोचवणाऱ्यांत हीच कंपनी आघाडीवर होती.

१७/२५
आता पुन्हा कोलंबियाची ती स्लाइड. माहिती-आरेखनाचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी तिचे बारकाईने विश्लेषण केले. मजकूर ठिपका, उपठिपका, त्याखाली आणखी उपठिपका अशा अनेक पायऱ्यांवर उतरत गेलेला होता. शीर्षकाचा आशय असा, की चाचण्यांचा आढावा घेता अंदाज सावध बाजूचे दिसतात. वाचणारा म्हणणार, ‘म्हणजे काळजी नको.’ वास्तवात ते विधान संगणकीय गणिताबद्दल होते आणि तेही लहान तुकड्यांच्या चाचण्यांच्या आधाराने केलेले. गणिताच्या आवाक्याबाहेरचा तुकडा पंखावर आदळला होता, ही खरी बातमी सर्वांत खालच्या पायरीवर बसली होती.

१८/२५
अपघाताची चौकशी करणाऱ्या मंडळाने ऑगस्ट २००३च्या अहवालात या स्लाइडची स्वतंत्र दखल घेतली. तांत्रिक अहवालाच्या जागी सर्रास पॉवरपॉइंटच्या स्लाइड्स वापरण्याची सवय ही नासातील सदोष संवादपद्धतीचे उदाहरण असल्याचे मंडळाने म्हटले. एवढी स्लाइड पाहून जिवाला धोका आहे हे वरिष्ठांना उमगले नसावे, हे समजण्यासारखे आहे, अशीही नोंद त्यात आहे.

१९/२५
येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. अपघात स्लाइडमुळे झाला नाही. तो फोमच्या तुकड्याने पंखाला पाडलेल्या भगदाडामुळे झाला. कक्षेतील यानाची छायाचित्रे मिळवावीत, ही अभियंत्यांची विनंतीही वरच्या पातळीवर मान्य झाली नाही. दोष अनेकांचा होता. जुलै २००३मध्ये चौकशीकर्त्यांनी फोमचा तुकडा तोफेसारख्या यंत्रातून पंखाच्या कडेवर झाडून पाहिला, तेव्हा सुमारे ४० सेंटिमीटर रुंदीचे भोक पडले. पाहणाऱ्यांना मग यादीची गरज उरली नाही. एक चित्र आणि एक वाक्य पुरेसे झाले. मात्र त्याला पाच महिने उशीर झाला होता.

२०/२५
तीच माहिती निराळी कशी मांडता आली असती? पेन स्टेट विद्यापीठाचे मायकेल अ‍ॅली यांनी रुजवलेली पद्धत सांगते : शीर्षकात विषय नको, पूर्ण विधान हवे आणि खाली त्या विधानाचा दृश्य पुरावा हवा. म्हणजे शीर्षक असे : ‘आदळलेला तुकडा चाचणीतील तुकड्याच्या ६४० पट आहे, चाचणीचा निष्कर्ष येथे लागू पडत नाही.’ त्याखाली दोन घनांच्या आकृत्या. घनफळ ६४० पट असेल तर बाजू सुमारे ८.६ पट होते. लहान घन १ सेंटिमीटरचा काढला तर मोठा ८.६ सेंटिमीटरचा. प्रोग्रॅममध्ये आकृती निवडून उंची-रुंदीच्या चौकटीत हे आकडे टाकले की प्रमाण अचूक बसते. अंदाजाने ओढलेली आकृती नकळत खोटे बोलते. ज्यांना घन इंच कळत नाहीत त्यांच्यासाठी तुलना आहेच : दोन काडेपेट्या आणि तेलाचे दोन मोठे डबे.

२१/२५
इतिहासाच्या अभ्यासकाला हीच पद्धत कशी उपयोगी पडते? पानिपताचे उदाहरण घ्यावे. बहुतेक स्लाइड्सवर शीर्षक असते ‘पराभवाची कारणे’ आणि खाली सात-आठ ठिपके : रसद, थंडी, यात्रेकरू, तोफा, मित्रांचा अभाव. रसद आणि उपासमार यांचे नाते काय, ते ठिपके सांगत नाहीत. त्याऐवजी यमुनेकाठचा एकच नकाशा चार वेळा दाखवावा. पहिला : ऑक्टोबर १७६०मध्ये मराठे कर्नालजवळचे कुंजपुरा जिंकतात. दुसरा : त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून मराठे आणि दिल्ली यांच्या मध्ये येतो. तिसरा : डिसेंबरात रसदेचा आधार असलेले गोविंदपंत बुंदेले मारले जातात. चौथा : १४ जानेवारी १७६१, उपाशी फौज मैदानात उतरते.

२२/२५
या चार स्लाइड्सचे तंत्र कल्याणच्या पटवर्धनांचेच आहे. पहिली स्लाइड नीट तयार करून तिची ‘डुप्लिकेट’ प्रत काढायची आणि प्रतीत फक्त जे बदलले तेच हलवायचे : एक बाण, एक छावणी. नकाशा जागचा हलत नाही, म्हणून स्लाइड पुढे सरकताच पाहणाऱ्याला फौज सरकल्यासारखी दिसते. उड्या मारणारी अक्षरे आणि गरगरणारी चित्रे यांची गरज पडत नाही. बदलले तेच हलले पाहिजे, हा काचेचा नियम संगणकावरही खरा आहे.

२३/२५
सॉफ्टवेअरमधील बाकीच्या उपयोगी सोयींनाही जुन्या विद्येत जोड सापडते. ‘स्लाइड सॉर्टर’मध्ये सारी पोथी एका नजरेत पसरते, प्रसंग मागे-पुढे करून क्रम तेथेच ठरवावा. ‘स्लाइड मास्टर’मध्ये अक्षर आणि रंग एकदाच ठरवले की प्रत्येक पानावर पुन्हा झगडावे लागत नाही. ‘प्रेझेंटर व्ह्यू’मध्ये टिपणे फक्त वक्त्याला दिसतात. रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून दिसले आहे, की चित्र आणि निवेदन यांच्या जोडीला तोच मजकूर पडद्यावरही लिहिला तर शिकणे सुधारत नाही, उलट घटते. म्हणून तपशील टिपणांत ठेवावा. सादरीकरण चालू असताना कळफलकावरील ‘बी’ दाबली की पडदा काळा होतो आणि सभेचे लक्ष सांगणाऱ्याकडे परतते.
मराठीत एक काळजी अधिक : जुने, युनिकोड नसलेले फाँट दुसऱ्या संगणकावर अक्षरांचा चुराडा करतात. मजकूर युनिकोडमध्येच लिहावा, शक्य तेथे फाँट फाइलमध्ये जोडावेत आणि एक पीडीएफ प्रत जवळ ठेवावी.

२४/२५
स्लाइडच्या रोगावर दोन टोकांचे उपाय झाले. २००४ साली अ‍ॅमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी वरिष्ठांच्या बैठकीत पॉवरपॉइंट बंद केले आणि सलग गद्यात लिहिलेले टिपण अनिवार्य केले. विचारातील तुटलेले दुवे वाक्यांत लपत नाहीत, हे त्यामागचे कारण. २००६ साली स्वीडनचे डॉक्टर हान्स रोस्लिंग यांनी उलट वाट घेतली. देशोदेशीचे आयुर्मान आणि कुटुंबाचा आकार दाखवणारे बुडबुडे पडद्यावर वर्षानुवर्षे सरकत असताना ते क्रिकेटच्या समालोचकासारखे बोलत होते. ते सॉफ्टवेअर त्यांच्याच घरात, मुलगा आणि सून यांच्या सहभागाने घडले होते. एकाने साधन बाजूला ठेवून गोष्ट वाचवली, दुसऱ्याने साधन कमावून. गोष्टीवाचून दोघांचेही चालले नाही.

२५/२५
पिंगुळीच्या देवळात चित्र बदलण्याआधी ऐकणाऱ्याच्या मनात एक प्रश्न उमटतो : ‘मग?’ पुढचे चित्र त्याचे उत्तर असते. कोणत्याही सादरीकरणाची परीक्षा यावरून घेता येते. सर्व स्लाइड्सची केवळ शीर्षके एका कागदावर ओळीने उतरवून मोठ्याने वाचावीत. प्रत्येक दोन ओळींमध्ये ‘म्हणून’, ‘पण’ किंवा ‘मग’ यांपैकी एखादा शब्द बसत असेल तर आख्यान तयार आहे. फक्त ‘आणि’ बसत असेल तर हाती यादीच आहे. कोलंबियाच्या त्या स्लाइडवर ३ आणि १९२० हे दोन्ही आकडे होते. त्यांच्यामधला ‘म्हणून’ तेवढा कोणी लिहिला नव्हता.